आतड्याला ऊन लागतं का?



घनसावंगी तालुक्यातल्या या स्मृती व्याख्यानमालेत शेती, पाणी, संतसाहित्य या विषयांवर जाणकार मंडळी बोलून गेली आहेत. मी पोटाच्या विकारांचा डॉक्टर, त्यामुळे माझ्याजवळ सांगण्यासारखं जे आहे ते ओपीडीतलंच. तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, राणी उंचेगाव, जांब या भागातले रुग्ण येतात तेव्हा त्यांच्या हातात कपड्याच्या दुकानाची एक कॅरीबॅग असते आणि तिच्यात वर्षा-दोन वर्षांचे कागद कोंबलेले असतात. अलीकडे त्या कागदांत दोन रिपोर्ट वारंवार एकत्र सापडतात. एक दुर्बिणीच्या तपासणीचा, ज्यात मोठ्या आतड्याला सूज, व्रण आणि दुर्बीण टेकताच रक्त येतं असं लिहिलेलं असतं. दुसरा रक्ताचा, ‘ड’ जीवनसत्त्व १०, १२, कधी ८, म्हणजे फारच कमी. कागद पाहून होईस्तोवर रुग्णाचा किंवा सोबतच्या भावाचा प्रश्न आलेला असतो: “साहेब, ‘ड’ वाढलं की रक्त पडायचं थांबंल का?”

आजचं व्याख्यान म्हणजे या एका प्रश्नाचं सविस्तर उत्तर आहे. ओपीडीत ते द्यायला वेळ पुरत नाही आणि घाईत दिलं की अर्धवट पोचतं.

आधी आजाराबद्दल. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सतत दाह होऊन व्रण पडतात त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. तो गुदाशयापासून सुरू होतो आणि वर सरकत जातो. दिवसातून आठ-दहा वेळा शौचाला जावं लागतं, रक्त आणि आव पडते, रात्री झोपेतून उठून धावावं लागतं. त्याचा भाऊबंद म्हणजे क्रोन्स. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही, मध्ये मध्ये जागा सोडून होतो आणि आतड्याच्या भिंतीत आरपार शिरतो. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं ती उजव्या कुशीतली जागा त्याची आवडती. आतडं आकसतं, पोट फुगून कळा येतात, काहींना भगंदर होतं. दोन्ही आजारांत बाहेरून आलेला एखादा जंतू दोषी नसतो. शरीराची स्वतःची संरक्षण व्यवस्था आतड्यातल्या रोजच्या जिवाणूंवर गरजेपेक्षा जास्त चवताळते आणि त्या मारामारीत आतडंच जखमी होतं. आजार आटोक्यात ठेवता येतो. वर्षानुवर्षं शांत ठेवता येतो. पण गोळी मनाने बंद केली की तो बहुधा परततो.

हा साहेब लोकांचा, शहरी, पाश्चात्त्य आजार आहे असं आम्हाला शिकवलं गेलं. लुधियानाच्या डॉ. अजित सूद यांनी त्या समजाला पहिला मोठा धक्का दिला. त्यांच्या चमूने लुधियाना जिल्ह्यात घरोघर जाऊन ५१,९१० माणसांची चौकशी केली, ज्यांची लक्षणं संशयास्पद वाटली त्यांची दुर्बिणीने तपासणी केली, आणि २३ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस सापडला. म्हणजे लाखाला सुमारे ४४. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०२३ मध्ये हैदराबादहून आलेला अभ्यास आपल्या जास्त जवळचा आहे. मराठवाड्याचं हैदराबादशी नातं निजामाच्या काळापासूनचं. आजही अवघड दुखणं असलं की आपली माणसं परतूर किंवा जालन्याहून रात्रीची गाडी धरून तिकडेच जातात. तिथल्या एआयजी रुग्णालयाच्या डॉ. रूपा बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी पोटाच्या तक्रारी घेऊन आलेल्या ३२ हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. अशा तक्रारी असलेल्यांत आतड्याच्या दाहक आजाराचं प्रमाण खेड्यातल्या आणि शहरातल्या रुग्णांमध्ये जवळजवळ सारखं निघालं. तेव्हा ‘आमच्याकडे असलं काही नसतं’ हे वाक्य आता कोणी म्हणू नये, विशेषतः डॉक्टरांनी.

आता उन्हाकडे येऊ. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचं एक पान आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात मुडदूस का होतो यावर युरोपात मोठा वाद चालू होता. इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून सांगत होते की दोष आहारात आहे आणि कॉडलिव्हर तेलाने तो सुधारतो. बर्लिनमध्ये कुर्ट हुलडशिन्स्की यांनी १९१९ मध्ये क्वार्ट्झच्या दिव्याच्या उजेडात मुडदूस झालेली मुलं बरी करून दाखवली. आहार की उजेड, हा झगडा चालू असताना हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी नाशिककडची मुलं तपासली. त्यांचा निबंध १९२२ मध्ये इंग्लंडच्या एका मोठ्या वैद्यकीय त्रैमासिकात छापून आला. त्यांना दिसलं ते असं: खाऊन-पिऊन सुखी, पण पडदा पाळणाऱ्या घरांतल्या मुलांना मुडदूस होता, शेतात राबणाऱ्या गरीब बायकांची मुलं त्यांच्यापेक्षा निकृष्ट अन्न खाऊनही त्यापासून वाचलेली होती. आजारी मुलांचा आहार तोच ठेवून त्यांना बाहेर मोकळ्यावर आणलं तेव्हा ती सुधारली. त्याच १९२२ साली अमेरिकेत मॅककॉलम यांनी कॉडलिव्हर तेलातल्या त्या घटकाला ‘ड’ हे अक्षर दिलं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या: ‘ड’ तेलातूनही मिळतं आणि उन्हातून अंगातही तयार होतं.

नाशिकच्या त्या निरीक्षणाचा मला फार आदर वाटतो. हातात ‘ड’ची रक्ततपासणी नाही, आणि तरी दोन माणसांनी घर कसं आहे, आई बाहेर पडते का, मूल अंगणात खेळतं का, हे पाहिलं. आजच्या ओपीडीत आम्ही थेट रिपोर्ट मागतो आणि हे प्रश्न विचारतच नाही.

ते विचारले की मग कळतं, घनसावंगीसारख्या साडेएकोणीस अक्षांशावरच्या, भाजून काढणाऱ्या मुलखात ‘ड’ कमी कसं. तुम्हा सगळ्यांना माहीत असलेलं चित्र सांगतो. कापसाची वेचणी. बाई साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालते, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावते, डोकं आणि अर्धा चेहरा रुमालाने बांधते. ते बरोबरच आहे. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं हाताला ओरबाडतात, ऊन लागतं, फवारणीचा थर पानावर असतो. पण दिवसभर उन्हात राहूनही तिच्या अंगाचा उघडा भाग म्हणजे बोटं आणि नाकाचा शेंडा. घरातली मुलगी शिकते, क्लासला स्कार्फ बांधून जाते. म्हाताऱ्या आई ओसरीवरून उठत नाहीत. दुकानात, शाळेत, कार्यालयात बसणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. त्वचेचा सावळा रंगही मध्ये येतो: जे रंगद्रव्य आपल्याला उन्हापासून वाचवतं, तेच ‘ड’ तयार व्हायला लागणारे किरण अडवतं.

पुण्यात डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेली अनेक वर्षं या विषयावर काम केलं आहे. पुणे परिसरातल्या शहरी आणि ग्रामीण पुरुषांच्या त्यांच्या अभ्यासात असं दिसलं की रोजच्या व्यवहारात ‘ड’ची पुरेशी पातळी राखायला दिवसाला तासाभराहून जास्त ऊन अंगावर घ्यावं लागतं. पाच-दहा मिनिटांचा सल्ला गोऱ्या कातडीच्या देशातून आलेला आहे, तो आपल्याला लागू नाही.

इथे कोवळ्या उन्हाबद्दल बोललं पाहिजे. आपला तालुका समर्थ रामदासांच्या जांबेचा. सूर्यनमस्काराचा संस्कार या मातीत आहे आणि पहाटे नमस्कार घालणारी मंडळी इथे बसली आहेत. ते त्यांनी जरूर चालू ठेवावं. पाठीचा कणा, श्वास, पचन, सगळ्याला त्याचा फायदा आहे. पण सकाळी सातच्या उन्हात ‘ड’ जवळजवळ तयार होत नाही. सूर्य तिरपा असताना किरणांना हवेचा लांब पल्ला ओलांडावा लागतो आणि ज्या अतिनील किरणांनी त्वचेत ‘ड’ घडतं ते वाटेतच शोषले जातात. साधी ओळख म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन या कामाचं. घनसावंगीत एप्रिल-मेमध्ये साडेनऊपर्यंतच सावली आखूड झालेली असते, त्यामुळे भर दुपारी कोणी भाजून घेण्याची गरज नाही. डिसेंबरात मात्र अशी सावली फक्त दुपारी, बाराच्या पुढेमागे सुमारे दोन तास मिळते. बाळाला तेल लावून सकाळच्या उन्हात धरणाऱ्या आज्यांनी हिवाळ्यात ती वेळ दुपारकडे ढकलली तर बाळाच्या पदरात खरोखर काही पडेल.

आता आतडं आणि ‘ड’ यांचा संबंध काय. ‘ड’ म्हणजे हाडांचं जीवनसत्त्व एवढंच आपण शाळेत शिकलो. त्वचेत तयार झालेलं किंवा पोटातून शोषलेलं ‘ड’ यकृतात जातं, तिथे त्याचं जे रूप होतं ते आपण रक्तात मोजतो. मूत्रपिंडात त्याला अखेरची धार येते आणि ते आतड्याला सांगतं की अन्नातलं कॅल्शियम उचल. पण गेल्या काही दशकांत कळलं की ही अखेरची धार लावण्याची सोय पांढऱ्या पेशींमध्येही आहे आणि आतड्याच्या अस्तरातही. आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, आणि गोधडीच्या टाक्यांसारख्या सांध्यांनी त्या एकमेकींना धरून असतात. टाके उसवले की आतले जिवाणू भिंतीत शिरतात. ‘ड’ हे टाके घट्ट राखायला मदत करतं. जिवाणूंना मारणारी काही प्रथिनं पेशींकडून तयार करून घेतं. आणि संरक्षण व्यवस्थेतल्या ज्या पेशी ‘आता पुरे, थांबा’ असं सांगतात त्यांना बळ देतं. अमेरिकेत मार्गेरिटा कँटोर्ना यांनी २००० साली दाखवलं की कोलायटिसकडे मुळातच झुकलेल्या उंदरांना ‘ड’ मिळालं नाही तर आजार लवकर आणि तीव्र होतो, आणि दिलं तर सौम्य राहतो.

पण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात ७२ हजारांहून जास्त बायकांची माहिती वर्षानुवर्षं जमवली गेली. डॉ. अश्विन अनंतकृष्णन यांनी २०१२ मध्ये त्यातून दाखवलं की ज्यांचं अंदाजाने काढलेलं ‘ड’ सर्वांत चांगलं होतं त्यांना क्रोन्स होण्याचं प्रमाण सर्वांत कमी ‘ड’ असलेल्यांच्या तुलनेत जवळपास निम्मं होतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या बाबतीत फरक इतका ठळक नव्हता. डेन्मार्कमध्ये आजार शांत असलेल्या ९४ क्रोन्सच्या रुग्णांपैकी काहींना रोज १,२०० युनिट ‘ड’ दिलं आणि काहींना औषध नसलेली नुसती गोळी. वर्षभरात ‘ड’ घेणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांचा आजार उलटला, न घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांचा. आकडे बोलके वाटतात, पण रुग्ण थोडे असल्याने हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असंच त्या संशोधकांच्या गणिताने सांगितलं. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा २२ चाचण्या एकत्र पाहिल्या. आजार उलटण्याचं प्रमाण ‘ड’मुळे कमी होत असावं, पण खात्री कमी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मी तो प्रामाणिक निष्कर्ष मानतो.

उलट दिशेचा पुरावाही तितकाच महत्त्वाचा, आणि तो रुग्णांना कोणी सांगत नाही. अंगात दाह असला की रक्तातलं ‘ड’ आपोआप खाली जातं. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्यांचं ‘ड’ शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दोन-तीन दिवसांत मोजलं गेलं, तेव्हा ते चांगलंच घसरलेलं आढळलं. त्या दोन दिवसांत कोणाचं ऊन कमी झालेलं नव्हतं, वाढली होती ती सूज. जन्मजात गुणसूत्रांमुळे ज्यांचं ‘ड’ आयुष्यभर थोडं कमी असतं अशा लोकांना हा आजार जास्त होतो का, हेही तपासलं गेलं. तसं ठळकपणे दिसलं नाही. तेव्हा माझं मत असं झालं आहे: आपल्याकडच्या बहुतेक रुग्णांत कमी ‘ड’ हे आजाराचं मूळ नाही. ते आधी थोडं कमी असतं, आणि आजार व आजाराभोवती चाललेल्या गोष्टी त्याला आणखी खाली ओढतात.

या आजाराभोवतीच्या गोष्टींवर मला थांबायचं आहे, कारण त्या आपल्या हातात आहेत.

विशी-पंचविशीतल्या मुलाला रक्त पडू लागतं. लाज वाटते, महिनाभर घरात सांगत नाही. मग कोणीतरी म्हणतं मूळव्याध असेल. गावात पाटी लावून बसलेला एखादा इसम खात्रीचा इलाज करतो, इंजेक्शन देतो. रक्त थांबत नाही. मग आवेच्या गोळ्या, मग सलाईन. या काळात घरचे एक एक पदार्थ बंद करत जातात. आधी दूध, मग दही, तूप, अंडी, डाळ. शेवटी मुलगा पेज आणि बिस्किटावर येतो. पंधरा किलो वजन घटतं. ‘ड’ चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व. तूप-तेल-अंडी बंद झाली आणि आजारी आतडं चरबी नीट शोषेना, तर ते येणार कुठून? आणि अशक्तपणामुळे पोर दिवसभर खोलीत झोपून, म्हणजे ऊनही बंद.

क्रोन्सच्या रुग्णाची वाट आणखी वाकडी. उजव्या कुशीतल्या त्याच जागी आतड्याचा क्षयही होतो, आणि दुर्बिणीतून, सीटी स्कॅनमध्ये, कधी तुकड्याच्या तपासणीतही दोन्ही इतके सारखे दिसतात की अनुभवी डॉक्टरही अडतो. आपल्या देशात क्षय जास्त, म्हणून आधी एकेटी, म्हणजे क्षयाची औषधं, सुरू होतात. ते पुष्कळदा योग्यही असतं, पण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का हे पाहिलं तरच. ते पाहिलं जात नाही आणि नऊ-नऊ महिने एकेटी चालते. त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला ‘ड’ मोडायला लावतं. पुढे क्रोन्सचं निदान झालं की स्टेरॉइड. स्टेरॉइड जीव वाचवतं, मी ते लिहितोच, पण ते हाडातलं कॅल्शियम काढतं. असा तीन बाजूंनी नागवलेला तिशीतला माणूस पाठीच्या चेपलेल्या मणक्याचा फोटो घेऊन येतो. अशा रुग्णांत ‘ड’ आणि कॅल्शियम द्यायचं विसरणं ही आम्हा डॉक्टरांची चूक आहे, आणि ती टाळायला ना मोठं रुग्णालय लागतं ना मोठा खर्च.

म्हणून निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाचं ‘ड’ एकदा मोजावं आणि कमी असेल तर भरून काढावं, असा माझा आग्रह आहे. निरोगी माणसाने मात्र दर वर्षी पॅकेजमध्ये ‘ड’ मोजत बसू नये. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेही २०२४ मध्ये निरोगी प्रौढांची अशी सरसकट तपासणी नको असंच सांगितलं. आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मिळते. ती साधारणपणे आठवड्याला एक, आठ आठवडे, मुख्य जेवणानंतर घ्यायची असते, आणि पुढचं डॉक्टर ठरवतात. ही पुडी रोज घ्यायची समजून घेणारे रुग्ण मी पाहिले आहेत. कॅल्शियम इतकं वाढतं की उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान, गुंगी, मूत्रपिंडाला इजा. ताकदीचं म्हणून लाखो युनिटचं इंजेक्शन लागोपाठ टोचून घेणं तितकंच वाईट. या आजारासाठी अझाथायोप्रिन ही गोळी चालू असलेल्यांनी कडक ऊन अंगावर घेऊ नये, त्यांना पुडीच बरी. आणि दूध ज्यांना खरोखर बाधतं त्यांनीच बंद करावं; बहुतेकांना दही, ताक, तूप चालतं. पिशवीच्या दुधावर किंवा तेलाच्या पाकिटावर ‘प्लस एफ’ची निळी खूण असेल तर त्यात जीवनसत्त्वं घातलेली असतात. गावातल्या रतिबाच्या दुधात ती नसतात.

तर त्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, नुसतं ‘ड’ वाढवून रक्त थांबणार नाही. रक्त थांबवतं मेसालामाइन, गरज पडली तर स्टेरॉइड, त्यापुढची औषधं, क्वचित शस्त्रक्रिया. ‘ड’ हाडं वाचवतं आणि आजार पुन्हा उसळण्याची शक्यता बहुधा थोडी कमी करतं. पुडी सुरू झाली म्हणून मेसालामाइन बंद केलेला रुग्ण तीन महिन्यांनी रक्ताळलेल्या अवस्थेत संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात दाखल होतो, तेव्हा त्याला रक्त चढवण्यापासून सुरुवात करावी लागते.

सभागृहात आशाताई बसल्या आहेत, औषध दुकानदार आहेत, ग्रामीण रुग्णालयातले तरुण डॉक्टर आहेत. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ रक्त किंवा आव पडतेय, रात्री झोपेतून उठून जावं लागतंय, वजन घटतंय, अशा कोणालाही मूळव्याधीच्या मलमावर परत पाठवू नका. आतड्यातली सूज दाखवणाऱ्या शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीसाठी आणि दुर्बिणीसाठी जालन्याला किंवा संभाजीनगरला पाठवा. वाढीच्या वयातल्या मुलाची उंची थांबली आणि पोट दुखतंय अशी तक्रार आली तर हाही आजार मनात ठेवा, कारण मुलांत क्रोन्स कधी कधी जुलाबाआधी खुंटलेल्या उंचीतून दिसतो. प्रश्नांच्या चिठ्ठ्या आल्या आहेत असं अध्यक्षांनी सांगितलं. आता त्या घेऊ.